पुरुषांचा हिवाळी पार्का : टोरांटोच्या ऑफिसपासून सारंगखेड्याच्या यात्रेपर्यंत कसा वापरावा?

बोरीकाठ (धागालेखक)

सर्वांना नमस्कार. मी अमळनेरचा असून नोकरीच्या कामासाठी डिसेंबरच्या अखेरीस टोरांटोला जाणार आहे आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथेच राहणार आहे. तिकडच्या थंडीसाठी चांगला पार्का घ्यावा लागेल, हे सगळ्यांनी सांगितले; पण तो कोणत्या प्रसंगी कशावर घालायचा, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. आपल्याकडे थंडीचा कपडा म्हणजे स्वेटर, मफलर, कानटोपी आणि फार तर जर्किन. मांडीपर्यंत येणारा, टोप असलेला आणि आत पिसे भरलेला कपडा आमच्या घरात आजवर कोणी घेतलेला नाही.

माझ्यापुढे चार प्रसंग आहेत. आठवड्यातले काही दिवस ब्लेझर घालून ऑफिसला जावे लागेल. सुट्टीच्या दिवशी शहरात आणि शहराबाहेर फिरणे होईल. तिथे स्थायिक झालेल्या मावसभावाचे जानेवारीत लग्न आहे. त्याचा स्वागत समारंभ संध्याकाळी असून त्यासाठी मी सूट शिवून घेतला आहे. चौथा प्रश्न माझ्या वडिलांचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो : एवढे पैसे घालून घेतलेला कपडा परत आल्यावर खानदेशात कधी अंगावर चढेल का? आपल्याकडे पहाटे पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो हे खरे, पण दुपारी बाराला स्वेटरही नकोसा होतो.

माझी उंची साडेपाच फूट आहे. ऑलिव्ह हिरवा, काळा आणि गडद निळा या तीन रंगांत मन अडकले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गिरणाकाठ

बोरीकाठ भाऊ, मी मूळचा चाळीसगावचा आणि बऱ्याच वर्षांपासून टोरांटोत राहतो, म्हणून पहिल्या तीन प्रसंगांविषयी लिहितो. चौथ्याविषयी गावाकडची मंडळी अधिक अधिकाराने सांगतील.

आधी तिथली थंडी समजून घ्या. जानेवारीत टोरांटोचे सरासरी तापमान शून्याखाली चार अंशांच्या आसपास असते, रात्री ते उणे दहाकडे जाते आणि थंडीची लाट आली की उणे वीसपर्यंतही उतरते. त्यात ओंटारियो सरोवरावरून येणारा वारा असतो. याउलट घर, ऑफिस, दुकान आणि भुयारी रेल्वे या सगळ्या जागा उबदार असतात. ऑफिसमध्ये वीस-बावीस अंश ठेवलेले असतात. म्हणजे घरापासून खुर्चीपर्यंत पोहोचताना तुम्ही तीस अंशांचा फरक अंगावर घेता, आणि तोही एकदा नव्हे, तर वाटेत दोन-तीनदा. आपल्याकडून नव्याने आलेली मुले जाड स्वेटरवर मध्यम जाकीट घालतात, बाहेर कुडकुडतात आणि आत घामाघूम होतात. ऑफिसात सगळ्यांसमोर स्वेटर काढणे अवघड जाते; पार्का मात्र आत शिरताक्षणी काढून खुंटीला टांगता येतो. म्हणून थंडीची सगळी जबाबदारी पार्क्यावर टाकावी आणि प्रसंगाला शोभणारे जे काही असेल ते पार्क्याच्या आत, अंगाशी हलके ठेवावे. तुमच्या पहिल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एका मांडणीतून निघते.

ऑफिसचे आधी घेऊ, कारण तुमचे बहुतेक दिवस तिथेच जाणार आहेत. पार्का घ्यायला जाताना ब्लेझर अंगात घालून जा. पार्क्याच्या खालून ब्लेझरची कड दिसता कामा नये. ती दोन बोटे जरी बाहेर आली तरी सगळा पोशाख विस्कटलेला दिसतो. ब्लेझरची लांबी मानेपासून साधारण बहात्तर ते शहात्तर सेंटिमीटर असते, तेव्हा पार्का निदान पंच्याऐंशीचा असावा. चेन वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी उघडणारी असावी, कारण बसमध्ये किंवा गाडीत बसताना खालची बाजू उघडली नाही तर पार्का पोटावर गोळा होतो आणि आतल्या ब्लेझरला चुण्या पडतात. ब्लेझरच्या आत पातळ मेरिनो लोकरीचा गोल गळ्याचा स्वेटर किंवा नुसता शर्ट पुरतो, आणि उणे दहाच्या खाली गेल्यावर शर्टाखाली पातळ थर्मल घालावे. पँट लोकरीची असेल तर उत्तम. सुती पँटमधून वारा सरळ मांडीला लागतो.

बुटांकडे विशेष लक्ष द्या. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेले असते आणि त्याच्या पांढऱ्या रेघा चामड्यावर कायमच्या उमटतात. येण्याजाण्यासाठी रबरी तळाचे उंच बूट वापरावेत आणि ऑफिसचे काळे किंवा तपकिरी बूट टेबलाखाली ठेवून तिथे बदलावेत. इथे ही पद्धत सर्वमान्य आहे, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

शहराच्या मध्यभागी इमारतींना जोडणारे सुमारे तीस किलोमीटरचे भुयारी पादचारी मार्ग आहेत, त्यांना पाथ म्हणतात. तुमचे ऑफिस युनियन स्टेशनच्या परिसरात असेल तर रेल्वेतून उतरून बाहेरचा वारा न लागता तुम्ही खुर्चीपर्यंत जाल, आणि त्या सगळ्या वाटेत पार्का उघडा किंवा हातावर असेल. म्हणून तो उबदार असावा तसाच वजनाने हलकाही असावा. इथे पिसांचा प्रश्न येतो. पिसांचा दर्जा फिल पॉवर नावाच्या आकड्याने सांगतात. एक औंस पिसे किती घन इंच जागा व्यापतात, तो हा आकडा. सहाशे ते सातशे असला तर टोरांटोसाठी पुरे आहे. आठशेच्या पुढच्या पिसांना बरेच जास्त पैसे पडतात, ते उणे तीसमध्ये राहणाऱ्याने मोजावेत. पिसे ओली झाली की चिकटतात आणि ऊब जाते, म्हणून बाहेरचे कापड पाणी अडवणारे असावे. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये तिथे ओला बर्फ आणि पाऊस एकत्र पडतो, तेव्हा याचे महत्त्व कळते.

सुट्टीच्या दिवशीचे फार लिहीत नाही. तोच पार्का, आत जाड चौकड्यांचा शर्ट आणि फ्लीस, खाली जीन्सच्या आत थर्मल, डोक्याला लोकरीची टोपी. पार्क्याच्या आत टोप असलेला स्वेटशर्ट घालणे मात्र टाळावे, कारण दोन टोप मानेवर साचतात आणि मान आखूड दिसते.

रंग गडद निळा घ्या. तो करड्या, तपकिरी आणि काळ्या पँटवर सारखाच चालतो. ऑलिव्ह हिरवा सुट्टीच्या दिवशी फार देखणा दिसतो, पण सूटवर तो रानात निघालेल्या माणसाचा वाटतो.

पांझराकाठ

मी धुळ्यात पुरुषांचे कपडे शिवतो. पिसांचा पार्का मी शिवत नाही, पण परदेशी जाणारी मुले तो दुरुस्तीसाठी आणतात, म्हणून मापाविषयी लिहितो.

गिरणाकाठ दादांनी लांबीची खालची मर्यादा सांगितली, वरची मर्यादाही सांगायला हवी. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला गुडघ्यापर्यंतचा पार्का बुटके करतो, कारण पाय दिसायचे राहत नाहीत. हात सरळ खाली सोडले असता बोटांची टोके जिथे येतात, तिथे कड आली की अंगाचे प्रमाण साधते. खांद्याची शिवण ब्लेझरच्या खांद्याच्या किंचित बाहेर पडावी. ती दंडावर उतरली तर पार्का उसना आणलेला वाटतो. दोन्ही हात समोर जोडून पाहावेत, पाठीत ताण आला तर वरचे माप घ्यावे. बाही ब्लेझर आणि शर्ट या दोन्हींच्या मनगटाला झाकून अंगठ्याच्या मुळाशी यावी. कमरेला आतून नाडी असेल तर ती हलकीशी ओढावी. त्यामुळे पिसांच्या फुगीरपणातही कंबर कुठे आहे ते कळते आणि खालून वारा चढत नाही.

आता एक महत्त्वाची सूचना. पिसांच्या पार्क्याची बाही किंवा लांबी कमी करून मिळेल या भरवशावर मोठे माप घेऊ नका. सुईच्या प्रत्येक छिद्रातून पिसे बाहेर येऊ लागतात. दुकानातच बरोबर बसेल तोच घ्या, दुसऱ्या दुकानात जावे लागले तरी हरकत नाही.

स्वागत समारंभाच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. चांगल्या कापडाचा सूट शिवला आणि त्यावर फुगीर पार्का चढवला, तर सूट शिवणाऱ्याची मेहनत झाकली जाते. अशा वेळी लोकरीचा सरळ ओव्हरकोटच हवा. भाऊ, शक्य असेल तर लग्नासाठी वेगळा ओव्हरकोट घ्या.

गिरणाकाठ

पांझराकाठ काका, आपल्या मापाच्या सूचनांशी मी पूर्ण सहमत आहे आणि ओव्हरकोट सूटवर अधिक शोभतो हेही मान्य करतो. परंतु एका संध्याकाळसाठी दुसरा महाग कपडा घ्यायला मी या मुलाला सांगणार नाही. उणे पंधराच्या रात्री ओव्हरकोटाला टोप नसतो, आणि वाहनतळापासून सभागृहापर्यंतच्या चालण्यात कान बधिर होतात.

सूटवर पार्का घालण्याची रीतही आजची नाही. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने १९५१ मध्ये एम-५१ नावाचा पार्का काढला. युद्धानंतर जुने लष्करी कपडे विकणाऱ्या दुकानांतून ते पार्के इंग्लंडमध्ये पोहोचले आणि १९६० च्या दशकात तिथल्या मॉड म्हणवणाऱ्या तरुणांनी ते उचलले. ही मुले उत्तम बेताचे, अंगाबरोबर बसणारे सूट शिवून घेत आणि व्हेस्पा किंवा लँब्रेटा स्कूटरवर फिरत. रस्त्यावरचा चिखल आणि धूर सूटवर बसू नये, म्हणून ते वरून सैलसर पार्का चढवत आणि पोहोचल्यावर काढून ठेवत. म्हणजे ज्यांना सूटची सर्वांत जास्त काळजी होती, त्यांनीच पार्का निवडला.

समारंभासाठी एवढेच सांभाळावे : टोपाची केसाळ झालर सोडवता येत असेल तर ती त्या दिवशी काढून घरी ठेवावी, मोठी अक्षरे किंवा चकाकणारी निशाणी असलेला पार्का मुळातच घेऊ नये, आणि गळ्याशी सूटला जुळणारा लोकरीचा साधा मफलर ठेवावा. दारात पोहोचताच पार्का कपडे ठेवण्याच्या खोलीत द्यावा. छायाचित्रात तो येतच नाही.

झालरीविषयी आणखी थोडे, कारण तिला बरेच जण निव्वळ सजावट समजतात. टोपाच्या कडेचे केस चेहऱ्यासमोर येणारा वारा मोडतात आणि गालाजवळ हवेचा एक स्थिर थर टिकवतात. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांनी कॅरिबूच्या कातड्याचे दोन थरांचे पार्के हजारो हिवाळ्यांत घडवले, आतल्या थराचे केस अंगाकडे आणि बाहेरच्या थराचे केस बाहेर ठेवून. आजच्या पार्क्याचा मूळ घाट त्यांच्याकडून आलेला आहे. म्हणून सरोवराकाठी फिरायला जाताना झालर लावावी, ऑफिसला आणि लग्नाला काढावी.

पांझराकाठ

स्कूटरची माहिती नवीन कळली, आनंद वाटला. झालर काढून आणि गडद निळ्या रंगात असेल तर माझा विरोध नाही. पण त्या दिवशी चेन पूर्ण लावून नाडी सैल सोडावी. उघड्या पार्क्यातून दिसणारा सूट आणि टाय अर्धवट दिसतात.

बोरीकाठ (धागालेखक)

गिरणाकाठ दादा आणि पांझराकाठ काका, दोघांचेही मनापासून आभार. गडद निळा, बोटांच्या टोकापर्यंतचा आणि झालर सोडवता येणारा, इतके नक्की झाले.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. परतल्यावर मला पहाटे मोटारसायकलवरून अमळनेर ते धुळे जाणे, थंडीतल्या शेतावरच्या भरीत पार्ट्या, रात्रीच्या वराती, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा आणि कधीतरी तोरणमाळ, एवढेच थंडीचे प्रसंग दिसतात. यांत पार्का कुठे बसतो?

केळीचे_रान

भाऊ, मी रावेर तालुक्यातला शेतकरी आहे. थंडीत पारा दहाच्या खाली गेला की केळीला चरका लागतो, आणि तो टाळण्यासाठी आम्ही रात्री बागेला पाणी देतो, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. त्यामुळे खानदेशातली थंडी आम्ही घरात बसून मोजत नाही. माझा अनुभव असा की रात्रीच्या कामाला पिसांचा पार्का अजिबात योग्य नाही आणि त्याची दोन ठोस कारणे आहेत.

पहिले कारण विस्तव. या पार्क्यांचे बाहेरचे कापड नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे असते. शेकोटीतली एक ठिणगी पडली तरी कापड वितळून भोक पडते आणि तिथून पिसे उडू लागतात. टोपाची झालर बहुधा कृत्रिम केसांची असते. ती चेहऱ्याजवळ पेटणे फार धोक्याचे आहे. आपण भरीत पार्टीचे विचारले आहे. भरिताची वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात आणि त्या काड्या तडतडून ठिणग्या उडवतात, हे आपण पाहिलेच असेल. तिथे लोकरीचा स्वेटर आणि वरून घोंगडी किंवा जाड सुती जाकीट हाच कपडा योग्य. लोकर सहसा भडकत नाही, काळवंडते आणि विझते. भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी यांचा तेलकट हात पिसांच्या पार्क्याला लागला तर तो डाग धुणेही सोपे नाही.

दुसरे कारण ऐकू येण्याचे. जाड टोप डोक्यावर घेतला की बाजूचे दिसत नाही आणि पाठीमागची चाहूल लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रात्री शेतात असताना कान उघडे असणे गरजेचे आहे. कानटोपी पातळ असते, तिच्यातून आवाज येतो.

तेव्हा वडिलांना सांगा की तो पार्का शेतासाठी नाही. त्यांच्यासाठी तिकडून मेरिनोचे थर्मल घेऊन या, ते स्वेटरखाली घालून रात्रभर काम करता येईल.

वाघूर

मी जळगावचा असून हिवाळ्यात रोज पहाटे मोटारसायकलने औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. त्यामुळे फक्त मोटारसायकलविषयी लिहितो, पण सविस्तर लिहितो, कारण खानदेशात पार्क्यासारख्या कपड्याचा खरा उपयोग मला तिथेच दिसतो.

पारा दहा अंशांवर असताना ताशी पन्नास किलोमीटर वेगाने गाडी चालवली, तर वाऱ्याचा परिणाम मोजण्याच्या प्रचलित सूत्राप्रमाणे अंगाला साडेपाच अंशांइतकी थंडी जाणवते. धुळ्याकडे काही वर्षी पारा पाचाच्याही खाली जातो. तेव्हा गाडीवर बसलेल्या माणसाला प्रत्यक्षात शून्याजवळचा गारठा लागतो. तरीही त्याला उणे वीसचा पार्का लागत नाही. त्याला वारा अडवणारे बाहेरचे कापड लागते आणि आत काढता येण्याजोगा उबेचा थर लागतो, कारण तोच माणूस दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांत त्याच गाडीवरून परत येणार असतो. एका दिवसात पंधरा-वीस अंशांचा फरक असतो, हे आपल्या हिवाळ्याचे मुख्य लक्षण आहे. टोरांटोचा फरक आत-बाहेरचा आहे, आपला फरक सकाळ-दुपारचा आहे, त्यामुळे कपड्याचा विचारही निराळा करावा लागतो.

गिरणाकाठ दादांनी ज्या एम-५१ चा उल्लेख केला, त्या घाटाचा पार्का आपल्याकडे अगदी योग्य बसतो. त्याचे कापड जाड विणीचे सुती असते, आतले उबदार अस्तर बटणांनी लावता-काढता येते, आणि मागची बाजू लांब असून मधोमध चिरलेली असते. त्या दोन टोकांना दोऱ्या असतात. त्या मांड्यांभोवती बांधल्या की खालून वारा येत नाही. गाडीवर बसल्यावर ही शेपटी कामाला येते, पण ती बांधलीच पाहिजे; मोकळी सोडली तर साखळीत किंवा चाकात अडकण्याची भीती आहे. पहाटे अस्तरासह घालावा, दुपारी अस्तर काढून पिशवीत ठेवावे आणि बाहेरचे कापड नुसत्या शर्टावर उघडे वापरावे. दिसायलाही ते छान दिसते. ऑलिव्ह हिरव्या पार्क्याखाली पांढरा किंवा फिका आकाशी शर्ट, गडद निळी जीन्स आणि तपकिरी बूट घातले तर कॉलेजपासून बाजारापर्यंत कुठेही चालते.

भाऊंना ऑलिव्ह रंग आवडला आहे, तर तो रंग त्यांनी या दुसऱ्या, स्वस्त आणि हलक्या पार्क्यात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. हेल्मेटवर किंवा हेल्मेटखाली टोप घेऊ नये. मागे मोकळा सोडलेला टोपही वाऱ्याने फुगतो आणि मान मागे खेचतो. तो सोडवून ठेवावा किंवा गुंडाळून टिचबटणाने बंद करावा. अमेरिकी हवाई दलाचा एन-३बी नावाचा दुसरा प्रसिद्ध घाट आहे, त्याचा टोप बोगद्यासारखा चेहऱ्यापुढे येतो आणि तो उणे पन्नास अंशांसाठी केलेला आहे. दिसायला तो रुबाबदार आहे, म्हणून बाजारात त्याच्या नकला पुष्कळ मिळतात, पण गाडीवर तो बाजूचे काहीच दिसू देत नाही. वाहन चालवणाऱ्याने तो घेऊ नये.

तोरणमाळ_वाट

मी शहाद्याचा. सारंगखेडा आणि तोरणमाळ या दोन्हींविषयी सांगतो.

सारंगखेड्याची यात्रा तापीकाठी भरते. दत्तदर्शनाची रांग, घोडेबाजार आणि तंबू यांत दिवसभर फिरताना थंडीपेक्षा धुळीचा त्रास जास्त असतो. संध्याकाळी नदीवरून गार वारा सुटतो तेव्हा वाघूर भाऊंनी सांगितलेला सुती पार्का बरोबर लागतो. त्याखाली कुर्ता-पायजमाही शोभतो, फक्त कुर्त्याची लांबी पार्क्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असावी. दोन्ही कडा जवळजवळ आल्या तर विचित्र दिसते. घोड्यांजवळ जाताना लोंबणाऱ्या दोऱ्या आत खोचाव्यात, कारण फडफडणारी वस्तू पाहून घोडा बिथरतो. फिके रंग टाळावेत.

तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत यशवंत तलावाकाठी पहाट चांगलीच बोचरी असते. तिथे मुक्कामी गेलात तर टोरांटोचा पिसांचा पार्का पहाटे आणि रात्री खरोखर वापरता येईल. आत नुसता टी-शर्ट घातला तरी पुरेल. मात्र सीताखाईकडे चालत जायचे असेल तर तो खोलीवर ठेवा, कारण चढ-उतारावर घाम येतो आणि ओली झालेली पिसे उपयोगाची राहत नाहीत.

पार्का घेताना लष्करी चट्ट्यापट्ट्यांची नक्षी कटाक्षाने टाळावी, हेही सांगतो. भारतीय लष्कराने २०२२ मध्ये नवा लढाऊ गणवेश आणला आणि त्याच्या नक्षीची नोंदणी करून खुल्या बाजारातील विक्रीला प्रतिबंध केला आहे. आपल्या भागातून सैन्यात गेलेली मुले गावोगावी आहेत. त्यांचा गणवेश हौसेखातर अंगावर घेऊ नये, असे मला वाटते. साधा एकरंगी ऑलिव्ह ही वेगळी गोष्ट आहे, त्यात गैर नाही.

अनेर

माझी भर अगदी लहान आहे. घरच्यांना घेऊन हिवाळ्यात मनाली किंवा गुलमर्गला जाण्याचा बेत कधी केलात, तर तोच पिसांचा पार्का तिथे उत्तम चालतो आणि भाड्याने मिळणारे कोट घ्यावे लागत नाहीत. भुसावळहून उत्तरेकडे जाताना स्लीपरच्या डब्यात रात्री तो पांघरूण म्हणूनही उपयोगी पडतो.

वरातीसाठी मात्र पार्का नको. आपल्याकडच्या वरातीत चालणे आणि नाचणे असते, अंग आपोआप गरम होते, आणि फटाक्यांच्या ठिणग्यांबाबत केळीचे_रान नानांनी लिहिले तेच लागू आहे. बंदगळ्याचे लोकरी जाकीट आणि आत थर्मल एवढे पुरते.

बोरीकाठ (धागालेखक)

सर्वांचे प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांना केळीचे_रान नानांचे म्हणणे विशेष पटले आणि त्यांच्यासाठी थर्मल आणायचे ठरले आहे. गडद निळा, साडेसहाशे फिल पॉवरचा, झालर सोडवता येणारा पार्का मी टोरांटोसाठी घेत आहे. ऑलिव्ह रंगाचा, अस्तर निघणारा सुती पार्का परत आल्यावर पुढच्या हिवाळ्यासाठी बघेन. पांझराकाठ काका, तो सुती असेल तर बाही कमी करता येईल ना? आणि एक शेवटचा प्रश्न : पिसांचा पार्का इथल्या उन्हाळ्यात टिकवायचा कसा? आमच्याकडे कपडे वाळवण्याचे यंत्र नाही आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या खोलीत भट्टीसारखे तापते.

पांझराकाठ

सुती पार्क्याची बाही अवश्य कमी होते. फक्त मनगटपट्टी असेल तर ती उसवून पुन्हा लावावी लागते, म्हणून थोडे जास्त दिवस हाताशी ठेवून आणा. अस्तराची बाही वेगळी असते, तीही सोबत आणा. नाहीतर बाहेरची आखूड आणि आतली लांब असे होते.

सातपुडा_सावली

धुण्याचे मी सांगते. माझा मुलगा परदेशातून असाच पार्का घेऊन आला आणि तेव्हापासून त्याची निगा मीच राखते.

पिसांचा पार्का धुण्यासाठी आपला फाल्गुन-चैत्र फार सोयीचा आहे, कारण तेव्हा खानदेशातली हवा कोरडी असते. श्रावण-भाद्रपदात तो मुळीच धुऊ नये. आत ओल राहते आणि वास धरतो. झालर सोडवून बाजूला ठेवावी. मोठ्या टबात कोमट पाण्यात सौम्य द्रव साबण थोडासा घालून पार्का हळूहळू दाबत धुवावा. पिळू नये आणि घासू नये. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नये, त्याने पिसांचा फुगीरपणा जातो. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलत राहावे. पाण्याने जड झालेला पार्का खांद्याला धरून उचलू नये, आतल्या शिवणी तुटतात. खालून दोन्ही हातांनी आधार देऊन उचलावा आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा.

नंतर तो खाटेवर सावलीत आडवा पसरावा, म्हणजे खालूनही हवा लागते. थेट उन्हात ठेवल्यास गडद निळा रंग उडतो. दर काही तासांनी उलटून, पिसांचे गोळे बोटांनी मोकळे करावेत. बाहेरून कोरडा लागला तरी आतली पिसे ओली असतात, म्हणून चिमटीत धरून प्रत्येक कप्पा तपासावा. गोळा हाताला लागला तर तो भाग अजून ओला आहे असे समजावे. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस सहज लागतात.

ठेवताना दाबून बंद करणाऱ्या पिशवीत ठेवू नये. प्रवासात तशी पिशवी चालते, पण सहा महिने दबलेली पिसे नीट फुगत नाहीत. रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या सुती चादरीच्या खोळीत घालून, पत्र्याच्या खोलीत न ठेवता खालच्या मजल्यावरच्या कपाटात टांगावा. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नयेत, त्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या तळाशी ठेवाव्यात. खिशात शेंगदाणे किंवा खाण्याचे काही राहिले नाही ना, हे आधी पाहावे, कारण उंदीर पिसांच्या कपड्यात लगेच घर करतात. दिवाळीनंतर बाहेर काढून एक दिवस सावलीत टांगला की तो पुन्हा फुगतो आणि वापरायला तयार होतो.